मराठीत हिरव्या रंगाच्या छटांना नावे कशी पडली आणि त्यांतली खरी मराठी नावे कोणती?

नावे कशी पडली याचे उत्तर सोपे आहे. जी वस्तू रोज डोळ्यांसमोर असे, तिचेच नाव रंगाला लागले; पोपटी, शेवाळी, मोरपंखी, पिस्ता ही सगळी त्याच वाटेने आली. ‘खरी मराठी कोणती’ या आपल्या पुढच्या प्रश्नाने मात्र माझ्या जुन्या जखमेची खपली निघाली, म्हणून लिहिते आहे.

माझे माहेर इंदूरच्या रामबागेतले आणि सासर पुण्याचे. १९८४ साली माझ्या डोहाळजेवणासाठी आई इंदूरहून अंगूरी, म्हणजे हिरव्या द्राक्षाच्या, रंगाची माहेश्वरी साडी घेऊन आली. ती तिने स्वतः महेश्वरला जाऊन, विणकराच्या घरी बसून निवडली होती. ताणा पिवळ्या रेशमाचा आणि बाणा हिरव्या सुताचा असल्यामुळे ती समोरून हिरवी दिसे आणि उजेडात तिरपी धरली की तिच्यावर पिवळी झाक चढे. थोरल्या वन्संनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि सर्वांसमोर सांगितले, की ही साडी हिरवी नव्हे, पिवळट आहे, आणि अंगूरी हा मराठी शब्दही नव्हे, तो तुमच्या इंदूरच्या हिंदीतला आहे. तासाभरात लक्ष्मी रस्त्यावरून गडद हिरवी साडी आली, मी ती नेसले, आणि आईने आपली साडी घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली. परतीच्या गाडीत बसेपर्यंत ती त्याविषयी एक शब्दही बोलली नाही.

वन्संचे दोन्ही आक्षेप चुकीचे होते. संस्कृतातला ‘हरि’ हा शब्द हिरव्यालाही लागतो आणि पिवळ्यालाही. ‘हरित’ त्याच कुळातला आणि हळदीचे ‘हरिद्रा’ हे नावही त्याच कुळातले. रंगाऱ्यांचे कामही हेच सांगते. वनस्पतींपासून चांगला हिरवा एका भांड्यात सहसा मिळत नसे, म्हणून कापड निळीत बुडवून त्यावर हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग चढवत. हळद उन्हाने उडते, आणि म्हणून असे हिरवे कापड वापरता वापरता निळसर होत जाते. ज्या रंगाच्या पोटातच पिवळा आहे, त्याला पिवळट म्हणून नाकारण्यात अर्थ नाही.

शब्दाविषयी सांगायचे, तर महेश्वरच्या मागावरच्या जुन्या रंगांची नावे पाहावीत: अंगूरी, डाळिंबी, गुलबक्षी, तपकीर. सभोवती हिंदी आणि निमाडी बोलली जात असताना तिथे अनारी न म्हणता डाळिंबी म्हणत राहिले. ही अहिल्याबाईंच्या राजधानीची बोली आहे, आणि मराठी असण्यासाठी तिला पुण्याच्या शिक्क्याची गरज नाही. अंगूर हा शब्द मूळचा फारसी आहे, हे मला मान्य आहे. पण गुलाबी आणि पिस्ताही फारसीतूनच आले आणि त्यांना कोणी परके म्हणत नाही.

इंदूरच्या दुकानात शेवाळी म्हणून न कळल्यास ‘काही’ हा हिंदी शब्द वापरावा; तोही काळपट हिरवाच रंग आहे. पोपटी मागताना मात्र धानी पुढे आला तर घाई करू नये, कारण तो कोवळ्या भाताचा रंग असून पोपटीहून फिका असतो. साडी दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी पाहावी. आणि सुनेच्या माहेरून आलेली साडी तिच्या आईने हिरवी म्हटली असेल, तर ती हिरवीच म्हणावी.

२०१३ साली माझ्या मुलीच्या डोहाळजेवणाला मी तिला तीच साडी नेसवली. आई तेव्हा हयात नव्हती. वन्सं आल्या होत्या, त्यांनीच पहिली ओटी भरली, आणि रंगाचा विषय त्यांनी काढला नाही. आलेल्या प्रत्येक बाईला मी मात्र सांगितले, की हा रंग अंगूरी आहे.