शिकागोला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

शिकागोला प्रथमच जात असाल, तर सुरुवात उंच मनोऱ्यावरून न करता नदीतून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण १८७१ च्या भीषण आगीनंतर नव्याने उभ्या राहिलेल्या या शहराची वास्तुकला बोटीत बसून, मार्गदर्शकाचे बोलणे ऐकत पाहिली की मगच नीट उमगते. (याच नदीचा प्रवाह १९०० मध्ये उलटा वळवण्यात आला.) मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे शिल्प गर्दी होण्यापूर्वी, सकाळी लवकर पाहावे. तेथून आर्ट इन्स्टिट्यूट चालत काही मिनिटांवर आहे. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद याच इमारतीत बोलले होते, आणि आतील चित्रसंग्रहासाठी अर्धा दिवसही अपुराच पडतो. ११० मजली विलिस टॉवर निरभ्र दिवसासाठी राखून ठेवावा.