नवी मुंबईत एकाच दिवशी खाडी आणि डोंगर, दोन्हींचे फोटो जमतील का?

जमतील, पण हिरवेगार डोंगर आणि फ्लेमिंगो एकाच फेरीत मागू नका. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे, हिरवळ पावसाळ्यात.

सकाळ खाडीला द्या. आपण खाडीच्या पूर्व काठावर, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचा गुलाबी रंग खुलतो. लेन्सची चिंता नंतर, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पांगतात. भरती चढली की सीवूड्सच्या तळ्यांकडे सरकतात, तेव्हा ३०० मिमीची लेन्सही पुरते.

संध्याकाळी बेलापूरची पारसिक टेकडी. सूर्य खाडीपलीकडे मावळतो, फक्त धुरकट हवेचा दिवस टाळा. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याचा मोह होईल, पण तिथे बहुतेकदा प्रवेशबंदी असते.