राजीनामा लांबणीवर टाका, आधी बिनपगारी रजा मागा

नमस्कार ताई,

इंदूरच्या सुदामानगरहून पाठवलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा हातात कागद-पेन घेऊन वाचले. पाच वर्षांच्या जुळ्या मुली, त्यांच्या पाठची दहा आठवड्यांची तान्ही, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना चढता न येणाऱ्या सासूबाई, सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसने पीथमपूरला निघणारे यजमान, आणि विजयनगरमधल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागातली तुमची चार वर्षे दोन महिन्यांची नोकरी, असा हा संसार आहे. प्रसूतीची रजा संपायला दोन आठवडे उरले आहेत. धाकटी तीन वर्षांची होईपर्यंत नोकरी सोडावी का, हा तुमचा प्रश्न आहे. त्याला लागूनच एका नातेवाइकांनी सुचवलेली, वर्षाला ६०,००० रुपये हप्त्याची मुलांसाठीची विमा पॉलिसी घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे.

तुमचा हातात येणारा पगार ३८,००० रुपये आहे आणि यजमानांचा ५८,०००. कामावर परत गेलात तर पाळणाघराचे ९,०००, मुलींच्या शाळेनंतरच्या सोयीचे ६,०००, स्वयंपाकाच्या बाईंचे ४,५०० आणि तुमच्या जाण्यायेण्याचे २,५०० असे २२,००० रुपये महिन्याला वाढतील, म्हणून तुमच्या पगारातून जेमतेम १६,००० उरतील आणि तेवढ्यासाठी ही ओढाताण कशाला, असे यजमानांचे म्हणणे आहे. ते काळजीपोटी बोलत आहेत याविषयी मला शंका नाही. मात्र या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, ते मला मान्य नाही. पाळणाघराचा खर्च फक्त आईच्या पगारातून का वजा करायचा? मुली दोघांच्या आहेत, घर दोघांचे आहे, तेव्हा हे २२,००० रुपये दोघांच्या मिळून ९६,००० रुपयांतून जातात, असे मांडले पाहिजे. तसे मांडले की चित्र बदलते, आणि ते कसे बदलते हे आकड्यांतच पाहू.

तुम्ही महिन्याचा घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह ५६,००० लिहिला आहे; परंतु जुळ्यांची वर्षाची ९६,००० रुपये शाळेची फी पत्राच्या शेवटी वेगळी नोंदली आहे. ती महिन्यांवर वाटली की ८,००० होतात, म्हणजे खरा खर्च ६४,००० रुपये आहे. एकट्या यजमानांच्या पगारावर दरमहा ६,००० रुपयांची तूट पडते. तुम्ही कामावर असाल तर वाढीव २२,००० धरूनही १०,००० रुपये शिल्लक राहतात. धाकटी तीन वर्षांची व्हायला सुमारे ३३ महिने आहेत. त्या काळात तुटीपोटी जवळजवळ दोन लाख रुपये तुमच्या ३,४०,००० रुपयांच्या मुदत ठेवीतून जातील, आणि उरलेली रक्कम दोन महिन्यांच्या खर्चाइतकीच असेल. फी वाढणार, आजारपण येणार, सासूबाईंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले तर तेही याच ठेवीतून होणार. तीन लहान मुली असलेल्या घरात दोन महिन्यांची गंगाजळी मला अजिबात पुरेशी वाटत नाही.

दुसरीकडे, त्याच ३३ महिन्यांत नोकरी चालू राहिली तर महिन्याला १६,००० प्रमाणे ५,२८,००० रुपयांचा फरक पडतो. तुमचा मूळ पगार २२,००० आहे, त्याच्या १२ टक्के म्हणजे २,६४० रुपये तुमचे आणि तेवढेच कंपनीचे भविष्यनिर्वाह निधीत जातात. कंपनीच्या हिश्श्यातले १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात, तरी एकूण रक्कम तुमचीच असते. ३३ महिन्यांत हे १,७४,२४० रुपये होतात. पगारवाढ मी धरलेलीच नाही. हा पैसा आज हातात दिसत नाही, त्यामुळे घरातल्या बोलण्यात तो कधी येत नाही. शिवाय पाळणाघराचा खर्च दोन-तीन वर्षांत ओसरतो, पण मध्ये खंड पडलेल्या लेखापालाला पुन्हा त्याच पगारावर घेणारी कंपनी सहज मिळत नाही, हे या शहरात अनेक वर्षे कुटुंबांचे हिशेब पाहताना मी वारंवार अनुभवले आहे.

आता ग्रॅच्युइटीविषयी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी रकमेविषयी, सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखही नाही आणि माझ्या मते तुमच्या निर्णयाची तारीख तीच ठरवते. कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या २६ भागांपैकी १५ भाग, गुणिले सेवेची वर्षे, असे सूत्र लागते. तुमच्या बाबतीत पाच वर्षांचे साधारण ६३,४६० रुपये होतात. आज राजीनामा दिलात तर हातात काहीच येणार नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असे काही न्यायनिवाड्यांत मानले गेले आहे. परंतु कडेवर तान्हे मूल असताना हक्काच्या पैशासाठी वाद घालत बसावे असे मी कुणालाही सुचवणार नाही, म्हणून पूर्ण पाच वर्षे धरून चला. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रसूतीची रजा सेवेत धरली जाते, आणि कंपनीने रीतसर मंजूर केलेली रजा, मग ती बिनपगारी असली तरी, सेवेत खंड पाडत नाही. तुमची पाच वर्षे धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पूर्ण होत आहेत. एवढे अंतर कापणे अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही.

तुम्ही व्यथित होऊन लिहिले आहे की कार्यालयातल्या मैत्रिणीला २६ आठवडे मिळाले आणि तुम्हाला मात्र १२. तुमच्यावर कंपनीने अन्याय केला असे यातून दिसत नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली, ती दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या स्त्रीसाठी. दोन किंवा अधिक मुले असतील तर १२ आठवडेच मिळतात. कायदा बाळंतपणे मोजत नाही, मुले मोजतो, त्यामुळे पहिल्याच खेपेला जुळी झालेल्या आईच्या वाट्याला दुसऱ्या खेपेला १२ आठवडे येतात. जुळ्यांना वाढवताना तुमच्या शरीराने जे सोसले ते पाहता हा नियम मला कठोर वाटतो, आणि तसे मी मोकळेपणाने सांगतो. पण नियम तोच आहे, आणि उरलेले आठवडे आपल्याला दुसऱ्या वाटेने मिळवावे लागतील.

ती वाट म्हणजे १४ आठवड्यांची बिनपगारी रजा. म्हणजे मैत्रिणीइतकेच २६ आठवडे होतात, धाकटी सहा महिन्यांची होते, तिचे उष्टावण होऊन ती वरचे अन्न घेऊ लागते, आणि मग तिला दिवसा दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवताना तुमचा जीव आजइतका कासावीस होणार नाही. या सव्वातीन महिन्यांत तूट साधारण २०,००० रुपयांची पडेल. ती मुदत ठेवीतून बिनधास्त घ्या; असा पैसा अशाच दिवसांसाठी साठवलेला असतो. रजेचा अर्ज लेखी द्या, रुजू होण्याची तारीख त्यात लिहा, आणि मंजुरीही लेखी घ्या, कारण तोंडी मंजुरीवर घेतलेली रजा पुढे गैरहजेरी म्हणून नोंदवली गेली तर सेवेच्या सलगपणाचाच प्रश्न उभा राहील.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तुमच्या कंपनीत ७० कर्मचारी आहेत असे तुम्ही लिहिता. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला पाहायला जाण्याची मुभा द्यावी लागते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी कामाच्या वेळात रोज दोन वेगळ्या छोट्या सुट्ट्याही मिळतात. कंपनीत पाळणाघर नसेल तर जवळच्या पाळणाघराशी करार करता येईल का, हे भांडणाच्या सुरात न जाता विचारा. दुसरे म्हणजे, कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची व्यवस्था मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने करता येते. हिशेबाचे काम त्याला अगदी योग्य आहे. आठवड्यातले दोन दिवस जरी घरून काम मिळाले तरी मुलींच्या शाळेनंतरच्या सोयीचा बराचसा खर्च वाचेल.

सासूबाईंविषयी एक विनंती. तुमच्या पत्रात, त्या घरी आहेतच, त्या बाळाला सांभाळतील, असे एक वाक्य आहे. ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्याकडे दिवसभर रांगते मूल सोपवू नका. मदतीला बाई असेल आणि त्यांनी बसल्या जागेवरून लक्ष ठेवायचे असेल, तर त्यांची सोबत अमोल आहे. त्यांना विचारून ठरवा.

विम्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला घाई करायला सांगतो. तुमच्या घराचा पाच लाखांचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीमार्फत आहे आणि यजमानांची कंपनी फक्त त्यांच्यापुरता विमा देते. याचा अर्थ, राजीनाम्याबरोबर तीन मुलींचे छत्र जाते. धाकटीचे नाव त्यात चढवले का, हे पत्रात कुठेच नाही. अशा सामूहिक विम्यात नवजात बाळाचे नाव ठरावीक दिवसांत कळवावे लागते, तेव्हा जन्मदाखल्याची प्रत घेऊन उद्याच चौकशी करा. शिवाय तुम्ही दोघे आणि तिन्ही मुली अशा पाचही जणांसाठी स्वतःची एक कौटुंबिक आरोग्य पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षे असतो, म्हणून तो जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही.

नातेवाइकांनी सुचवलेली ६०,००० रुपयांची पॉलिसी घेऊ नका. नात्यात नकार देणे जड जाते हे मी जाणतो, तरी स्पष्ट सांगतो. बाळाच्या आयुष्यावर कुणाचा चरितार्थ अवलंबून नसतो. तो यजमानांच्या आयुष्यावर आहे, आणि त्यांच्या नावावर फक्त तीन लाखांची जुनी पॉलिसी आहे, ज्यातून गृहकर्जाचे दीड वर्षाचे हप्तेही भागणार नाहीत. त्यांच्यासाठी एक कोटीची शुद्ध मुदत विमा पॉलिसी, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारी पॉलिसी, घ्या आणि ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम पत्नी आणि मुलींसाठीच राखीव राहते व कर्ज देणाऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. तुमच्या स्वतःच्या आयुष्यावरही अशी पॉलिसी हवी, कारण तुमची कमाईही या घराचा आधार आहे. कर वाचेल, असे त्या नातेवाइकांनी सांगितले आहे. पण तुम्ही दोघेही नव्या करप्रणालीत आहात, तिथे आयुर्विम्याच्या हप्त्याची वजावटच नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर सवलतीमुळे तसाही कर पडत नाही.

सुकन्या समृद्धी खात्यासाठी पोस्टात गेलात आणि धाकटीचे खाते उघडले गेले नाही, याचे तुम्हाला वाईट वाटले. पोस्टातल्या कर्मचाऱ्याने नियमच पाळला: एका कुटुंबात दोन मुलींची खाती उघडता येतात, जुळ्यांसाठी सूट आहे, मात्र पहिल्याच खेपेला दोन मुली झाल्या असतील तर दुसऱ्या खेपेच्या मुलीला ती सूट मिळत नाही. जुळ्यांची खाती ८.२ टक्क्यांवर चालू ठेवा. धाकटीसाठी यजमानांना पालक करून सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडा. तिथे ७.१ टक्के व्याज आहे, आणि पालकाचे स्वतःचे खाते असेल तर दोन्ही मिळून वर्षाला दीड लाखाची मर्यादा लागते. व्याजातल्या फरकामुळे तिच्या खात्यात दरमहा थोडे जास्त भरा, म्हणजे तिघींच्या शिक्षणाच्या वेळी एकीलाही कमी पडणार नाही. सुरुवात मात्र तुम्ही कामावर रुजू झाल्यावर करा, त्याआधी नको.

हे सारे आकडे तुम्हाला नोकरीकडे ढकलण्यासाठी मांडलेले नाहीत. बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतरही तुमचे मन घरीच ओढ घेत असेल, तर तेव्हा राजीनामा द्या, आणि मी तुमच्या निर्णयाच्या बाजूने उभा राहीन. फक्त तोवर ग्रॅच्युइटीचा हक्क पक्का झालेला असेल, स्वतःचा आरोग्य विमा आणि दोघांचा मुदत विमा लागू झालेला असेल, आणि किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३,८४,००० रुपये, हात न लावता बाजूला असेल, एवढे पाहा. भविष्यनिर्वाह निधी तेव्हाही काढू नका. आणि कंपनीने बिनपगारी रजा नाकारली, तर राजीनामा लिहिण्याआधी शिल्लक अर्जित रजा, म्हणजे काम करून साठलेली पगारी रजा, किती आहे ते विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि ते मला पाठवा. पुढचा हिशेब त्या उत्तरावरून करू.