शेतातल्या आखाड्यावर पण जायचं अन् समृद्धीवर पण, मग टायर कोणते?

प्रश्न: दादा, माझी स्कॉर्पिओ क्लासिक आहे, 235/65 आर 17 टायर, मागचे दोन पार गोटा झालेत. दुकानदार म्हणतो 265 रुंदीचे एटी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्याचे) टाका, गाडी उठून दिसते अन् चिखलात अडकत नाही. रोज आखाड्यावर जाणं असतं, महिन्यातून एकदा जालन्याहून समृद्धीनं मुंबई. काय करू?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर: भाऊ, 265 अजिबात टाकू नका. 235 चं 265/65 केलं की चाक जवळपास 4 सेंटिमीटरनं उंच होतं, काटा 100 दाखवील तेव्हा गाडी आत्तापेक्षा 5 किलोमीटर जास्तच पळत असंल, पिकअप अन् ब्रेकवर लोड येतो, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासूही शकतो. साइज कंपनीचीच ठेवा.

आता चिखलाचं. आपल्या काळ्या रानात एक पाऊस झाला की एटीच्या नक्षीत पण माती गच्च भरते, मग तो पण गोटाच, त्यामुळं त्या भरवशावर पैसे घालू नका. एटीचा खरा फायदा दगडगोट्यात, नक्षी जाड असते, कट लवकर पडत नाही. तुमच्या पाणंदीला मुरूम पडलेला असंल तर एचटीच (हायवे-टेरेन, पक्क्या रस्त्याचे) घ्या, डांबरावर आवाज कमी, अॅव्हरेज बरं. नुसता दगडाचा रस्ता असंल तर त्याच साइजमधी एटी.

दुकानात गेल्यावर टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे स्वतः वाचा, 1425 म्हणजे 2025 च्या 14 व्या आठवड्यातला. वर्षाच्या वरचा माल मी तरी घेणार नाही. साइजच्या पुढं 104 एच असं काही असतं, 104 म्हणजे एका टायरला 900 किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत वेग. जुन्यावर आहे त्याच्या खालचा आकडा नको.

दोनच बदलायचे तर नवे मागंच बसवा, ओल्या रोडवर मागचं चाक सुटलं तर गाडी गरकन फिरते. पुढचे पण नक्षीतल्या 1.6 मिलिमीटरच्या झिजेच्या खुणेला टेकले असतील तर चारही घ्या, अलाइनमेंट-बॅलन्सिंग लगेच करा.

अन् समृद्धीचं मनावर घ्या भाऊ. मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास 120 नं पळताना कमी हवेचा टायर आतून तापतो अन् फुटतो. हवा घरून निघायच्या आधी, टायर थंड असताना चेक करा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असती तेवढीच, फुल लोडला वेगळा आकडा दिलेला असतो. मधी थांबून गरम टायरमधली हवा कमी करू नका. स्टेपनीची पण तारीख बघा, ती तशीच पडून सहा-सात वर्षांची झाली असंल तर नक्षी दिसत असली तरी तिच्यावर समृद्धीला जाऊ नका.