बीएमडब्ल्यू ३३०आय, मर्सिडीज सी३०० की ऑडी ए४ क्वाट्रो: वापरलेली घ्यायची तर कुठली?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचली आणि लिहायला बसलो. "तिन्ही गाड्या २०१७ च्या, ९०,००० किलोमीटरच्या आसपास चाललेल्या. चालवायला ३३०आय सगळ्यात आवडली, पण विकणारा म्हणतो गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे, कधी बदललेलं नाही आणि तुम्हीही हात लावू नका." कुठली घ्यायची ते सांगतोच. पण आधी त्या 'हात लावू नका'चा निकाल लावू द्या, या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे.

३३०आयमधला आठ गिअरचा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूने बनवलेलाच नाही. तो झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीचा ८एचपी. हेच घराणं अल्फा रोमिओ जुलियात आहे, जॅग्वार एक्सईत आहे, याच पिढीच्या ऑडी एस४ मध्येही आहे. सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं. बीएमडब्ल्यू म्हणते ऑइल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स ज्याने बनवला तो झेडएफ म्हणतो ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. यात कोणाचं ऐकायचं हा प्रश्न तरी पडावा का? पहिल्या मालकाकडे गाडी तीन-चार वर्षं राहते, तेवढ्यात ऑइलचं काही बिघडत नाही आणि सर्व्हिसच्या खर्चाचा आकडा कागदावर छान दिसतो. तुम्ही त्या गाडीचे पहिले मालक नाही.

ऑइलचं नेमकं काय होतं? या गिअरबॉक्समध्ये चार प्लॅनेटरी संच (एकात एक फिरणाऱ्या दातेरी चाकांचे गट) आणि त्यांना धरणारे-सोडणारे पाच क्लच-ब्रेक आहेत. प्रत्येक गिअर बदलताना एक सुटतो, दुसरा धरतो, आणि त्या क्षणभराच्या घसरणीत क्लचवरच्या अस्तराची बारीक भुकटी ऑइलमध्ये उतरते. भरीला टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप क्लच, जो दोघांना थेट जोडतो; तो तर मुद्दाम किंचित घसरत ठेवलेला असतो. भुकटी फिल्टरमध्ये आणि पॅनमधल्या (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकातल्या) चुंबकांवर साचते, उरलेली व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांमधून फिरत राहते. उष्णतेने ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनंही दमतात. मग सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने) मागितलेला दाब वेळेवर मिळत नाही आणि गिअर धक्क्याने पडतो.

आता ते लाडकं वाक्य: "अमक्याने ऑइल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला." असं होतं, मान्य आहे. पण त्याने ऑइल बदललं कधी? धक्के सुरू झाल्यावर, अस्तर संपल्यावर. झिजलेल्या क्लचला जुन्या गढूळ ऑइलमधली भुकटी थोडीफार पकड देत होती, ती गेली आणि घसरण उघडी पडली. दोष ऑइल बदलण्यात नाही, उशिरा बदलण्यात आहे. दुसरं कारण याहून साधं: लेव्हल चुकली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. म्हणून काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे रॅम्पखाली उभं राहून बघता येईल.

गाडी चारही बाजूंनी समतल. पुढून जॅकवर चढवलेली चालणार नाही, लेव्हल खोटी येते. स्कॅनर जोडून गिअर ऑइलचं तापमान पडद्यावर दिसत राहिलं पाहिजे. आधी भरायचा प्लग सैल करून बघायचा, मगच निचऱ्याचा प्लग उघडायचा. उलट केलं आणि वरचा प्लग अडकलेला निघाला, तर ऑइल खाली सांडलेलं आणि गाडी रॅम्पवर अडकलेली.

३३०आयमध्ये पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणजे पॅन, फिल्टर, गॅस्केट सगळं एकदम नवीन येतं. "फक्त ऑइल बदलतो, पॅन राहू द्या" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. जुना पॅन काढल्यावर चुंबक बघायला मागा. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असेल तर काळजी नाही, बोटाने पुसला जातो. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा चकचकीत चकत्या दिसल्या तर गिअरबॉक्स आतून स्वतःलाच खातोय. फिल्टरच्या नळीचं सील कधीकधी वर गिअरबॉक्समध्येच चिकटून राहतं. ते न बघता नवा पॅन चढवला तर दोन सिलं एकावर एक बसतात, पंप हवा ओढतो आणि गिअर ऐन वळणावर सुटतो.

बोल्ट नवे, टॉर्क रेंचने आणि ठरलेल्या क्रमाने. जोर सुमारे १० न्यूटन-मीटर. एवढ्याशा जोरावर विश्वास बसत नाही म्हणून मेकॅनिक मनगटाने आणखी पाव फेरा देतो आणि प्लास्टिकचा काठ वाकतो. गळती त्या दिवशी दिसत नाही, दोन महिन्यांनी दिसते.

भरणं दोन टप्प्यांत. इंजिन बंद असताना भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. मग इंजिन सुरू करून लगेच पुन्हा भरायचं, कारण पंप फिरायला लागला की कन्व्हर्टर ऑइल ओढून घेतो आणि पॅनमधली पातळी झपकन उतरते. ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये काही सेकंद, मॅन्युअलमध्ये पहिला-दुसरा-तिसरा, मग परत पी. ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या मध्ये असताना, इंजिन चालू ठेवूनच, जादाचं ऑइल बारीक धारेने ओघळू द्यायचं आणि धार थेंबांवर आली की प्लग बंद. ऑइल जास्त तापल्यावर मोजलं तर ते फुगलेलं असतं आणि प्रत्यक्षात कमी भरलं जातं. आणि प्लग उघडा असताना इंजिन बंद केलं तर वर गेलेलं सगळं ऑइल तुमच्या अंगावर येतं.

पूर्ण गिअरबॉक्समध्ये साधारण साडेआठ-नऊ लिटर ऑइल असतं, पॅन काढून त्यातलं पाच-सहा लिटरच निघतं. बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये. म्हणून कोणी यंत्राने दाब देऊन 'पूर्ण फ्लश' करतो म्हणेल, तर ९०,००० किमी कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सवर मी तो करणार नाही. पाहिजे तर दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा साधा बदल करा. ऑइल झेडएफचं लाइफगार्ड ८ किंवा नेमकं त्याच मान्यतेचं. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं डब्यावर छापलेलं ऑइल कशालाच नीट चालत नाही.

तर तुमची ३३०आय. घेण्याआधी गाडी थंड असताना बघा. विकणाऱ्याला आधी सुरू करून ठेवू नका म्हणून सांगा, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तो काहीतरी लपवतोय किंवा त्याला घाई तरी आहे. थंड असताना सिग्नलकडे हळूहळू थांबत जा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरताना मागून कोणी ढकलल्यासारखं वाटतं का? मग अर्धा तास चालवून गरम करा, ६० ते ८० च्या वेगात वरच्या गिअरमध्ये पायाचा अगदी हलका दाब द्या आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा ५०-१०० ने थरथरतोय आणि रस्ता गुळगुळीत असूनही बारीक खडखड जाणवते, तर तो लॉकअप क्लच आहे. नुसता थंड असतानाचा हलका धक्का ऑइल बदलून बहुतेकदा जातो. गरम असतानाची थरथर गेली तर नशीब समजा, आणि किंमत ती जाणार नाही असं धरूनच ठरवा.

इंजिनाचं थोडक्यात. २०१७ च्या ३३०आयमध्ये बी४८ इंजिन आहे, आधीच्या ३२८आयमधलं एन२० नाही, हे चांगलं. एन२०च्या टायमिंग चेनचे (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणाऱ्या साखळीचे) प्लास्टिक गाइड तुटायचे. बी४८ची चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे तिचं काम निघालं तर छोटं नसतं. सुरू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत मागून साखळीचा आवाज येतो का ते ऐका. ऑइल फिल्टर हाउसिंगभोवती ऑइल-कूलंटचे ओघळ बघा.

सी३००मध्ये एम२७४ इंजिन, २४५ अश्वशक्ती. थंड सुरू केल्यावर वरून एक-दोन सेकंद कर्रर्र आवाज आला तर व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारा कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टर. कॅमच्या मॅग्नेटचे कनेक्टर काढून बघायला सांगा. आत ऑइल दिसलं तर ते वायरिंगमधून पुढे झिरपत जातं आणि भलत्याच सेन्सरचे दोष दाखवतं. गाडी म्हणून ती शांत आहे, आतून तिघींत देखणी आहे, आणि स्पोर्ट सेडान म्हणून तिघींत सगळ्यात कमी स्पोर्ट. तुम्हाला चालवायला ३३०आय आवडली असेल तर ही तुमची गाडी नाही.

ए४ क्वाट्रो, २५२ अश्वशक्ती, सात गिअरचा एस-ट्रॉनिक. हा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक नव्हे, दोन ओले (ऑइलमध्ये बुडालेले) क्लच असलेला गिअरबॉक्स. याचं ऑइल मी ६०,०००लाच बदलेन, म्हणजे तुमच्या गाडीचं एकदा झालेलं असायला हवं. नसेल तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात अडखळते का ते बघा. इंजिन पुढच्या आसाच्या पुढे लटकलेलं असल्यामुळे घट्ट वळणात नाक बाहेर पळतं. चार चाकांना ताकद दिल्याने वळणातून बाहेर पडताना पकड मिळते, वळणात शिरताना नाही. 'क्वाट्रो आहे म्हणजे हाताळणी चांगली' म्हणणाऱ्यांनी हे दोन वेगळे ठेवावेत. निसरड्या रस्त्यावर वर्षातले चार महिने काढायचे असतील तर मात्र मी ऑडीच घेईन.

म्हणजे उत्तर ३३०आय, गिअरबॉक्स वरच्या परीक्षेत पास झाला तर. नापास झाला तर दुसरी ३३०आय शोधा, लगेच सी३००वर उडी मारू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमची ३३०आय एक्सड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत असं असेल तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस सतत झगडत राहतो. हळू वेग वाढवताना हिसके देतो आणि लोक दोष गिअरबॉक्सला देतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. सात-आठ वर्षांचे टायर असतील तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करा. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असतील तर गाडी कडक वाटेल. सस्पेन्शनला नावं ठेवण्याआधी ते लक्षात घ्या. १०० वरून ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बदलायची घाई नको, आधी पुढच्या चाकाला धरणाऱ्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बघा. त्यातल्या काहींत द्रव भरलेला असतो; रबर फाटलं की बुशखाली काळा ओला डाग दिसतो.

आणि विकणारा उद्या अचानक "ऑइल बदललंय हो" म्हणाला, तर पावती मागा आणि तिच्यावर दोन गोष्टी शोधा: पॅनचा पार्ट नंबर आणि ऑइलचे लिटर. सहा-सात लिटर आणि पॅन असेल तर बदल झालाय. नुसतं दोन लिटर लिहिलं असेल तर ते कुठूनतरी गळत होतं आणि वरून भरलंय.