अशासकीय सदस्यपद घ्यावं का? आधी माझ्या सहीचं काय झालं ते वाचा

भाऊ, सरकारी समितीवर जावं का असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि आपलीच जुनी डायरी हाती लागल्यासारखं झालं. दहा वर्षं समाजवादी चळवळीत, मंत्री दुसऱ्याच विचाराचा, त्याच्याकडून समितीवर 'अशासकीय सदस्य' (म्हणजे सरकारी नोकरीत नसलेला सदस्य) म्हणून बोलावणं आणि संघटनेत दोन तट.

'पद म्हणजे पाप' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९७७ साली मोरारजींच्या मंत्रिमंडळात आपले समाजवादी मधु दंडवते रेल्वेमंत्री म्हणून गेले, दुसरे समाजवादी मधु लिमये बाहेर राहिले. दंडवत्यांनी १९७४ च्या संपात काढलेले रेल्वे कामगार परत घेतले, सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर गादी आणली. त्याआधी नागपूर-मुंबई रात्रभर फळीवर काढलेल्यांना विचारा.

पण दंडवत्यांच्या हाती खातं होतं. आपल्या हाती चहा, दोन बिस्किटं आणि प्रवासभत्ता.

माझी चूक फार साधी होती. समिती फुटपाथवर बसणाऱ्या विक्रेत्यांची. पहिल्याच बैठकीत फिरवलेल्या उपस्थिती पत्रकावर सही केली. वर मजकूर नव्हता, नुसते रकाने. अडीच महिन्यांनी संत्री विकणारी एक बाई झेरॉक्स घेऊन घरी आली. इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, 'बाजार हलवण्यास सर्वानुमते मंजुरी', मागे तेच पत्रक टाचलेलं, चौथी सही माझी. बैठकीत हा विषय निघालाच नव्हता. बाई ओरडली नाही. म्हणाली, "तुम्हीच होते ना जी तिथं?"

दुरुस्तीसाठी समितीचं काम पाहणाऱ्या कार्यालयात (नाव घेत नाही) सात महिने चकरा मारल्या. उन्हाळ्यात साहेब दौऱ्यावर, पावसाळ्यात फाईल मुंबईला, डिसेंबरात तर काय, सगळेच 'अधिवेशनात'. आपल्या नागपुरात त्या महिन्यात हे कारण कुणी खोडूच शकत नाही. आणि त्याच अधिवेशनावर त्या विक्रेत्यांचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघाला. एरवी मी पुढे असतो. त्या दिवशी पलीकडच्या पानटपरीआड उभा राहिलो. त्या कार्यालयावर लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही, असो.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. मी वकील नाही, तुमच्या समितीचे नियमही वेगळे असतील. 'जावं की नाही' यावर फार रात्री जाळू नका, 'बाहेर कधी पडायचं' हे आजच संघटनेच्या बैठकीत लिहून घ्या. त्रावणकोर-कोचीनमध्ये (आजच्या केरळात) पट्टम थाणू पिल्लै यांचं प्रजा समाजवादी सरकार काँग्रेसच्या टेकूवर उभं होतं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला, आणि नोव्हेंबरात इथंच नागपुरात पक्षाच्या खास अधिवेशनात त्यावर रण माजलं. सरकार राहिलं. फेब्रुवारी १९५५ मध्ये पडलंच, आणि लोहिया वर्ष संपता संपता वेगळे झाले. कोणत्या गोष्टीवर पद सोडायचं हे आधी ठरलेलं असतं तर इतकी फाटाफूट झाली नसती, असं मला वाटतं. इतिहासाचे जाणकार हसतील, हसू द्या.

बाकी, सहीशेजारी 'फक्त उपस्थिती' असं स्वतःच्या अक्षरात लिहा, तारखेसकट. पत्र दिलं की पोचवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. इतिवृत्त मागूनही देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. मी तो सातव्या महिन्यात टाकला, पहिल्याच आठवड्यात टाकायला हवा होता.

राजीनामा दिला, त्याला आता चार वर्षं झाली. स्वीकारल्याचं पत्र आलेलं नाही. बैठकीची सूचना मात्र व्हॉट्सॲपवर येते, परवाच आली.