मधला नट आणि दाबलेली स्प्रिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात पुढच्या शॉकअपविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांहून जास्त पत्रांत एकच विषय आहे, स्प्रिंग दाबायचं पुलर. म्हणून या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : माझी २००८ सालची सॅन्ट्रो आहे. स्पीडब्रेकरवर डाव्या बाजूने खडखड येते आणि शॉकअप तेल गाळतोय हे मी स्वतः पाहिलं. दोन स्क्रूंचं पुलर ऑनलाइन मागवलं, पण डब्यात माहितीचा कागदच नाही. घरी काम करावं का? नेमकी भीती कशाची असते? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पत्र लिहून विचारलंत, फार बरं केलंत. आधी भीतीचं बोलू, कारण ती अंदाजाने घेण्यापेक्षा आकड्याने घेतलेली बरी.

लहान गाडीची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण दोन किलोचा जोर लागतो असं धरा. पंधरा सेंटिमीटर दाबली की तीनशे किलोचा जोर तिच्यात कोंडला जातो. ती एकदम सुटली तर बसणारा दणका म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर ओट्याच्या उंचीवरून अंगावर पडण्यासारखा. फरक इतकाच, की सिलिंडर खालीच पडतो. स्प्रिंग कुठे जाईल ते सांगता येत नाही.

आता जागा. बॉनेट उघडलं की दोन्ही कोपऱ्यांत स्ट्रटचं, म्हणजे शॉकअप आणि त्याच्यावर बसलेली स्प्रिंग या जोडणीचं, डोकं दिसतं. बहुतेक गाड्यांत भोवती दोन-तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट असतो. छोटे नट स्ट्रटला बॉडीला धरतात. मधला नट स्प्रिंगला धरतो. छोटे काढले तर अख्खा स्ट्रट बाहेर येतो आणि तोवर तो निर्धोक असतो. मधला नट मात्र स्प्रिंग पुलरने दाबून सैल केल्याशिवाय उघडायचा नाही. काही गाड्यांत वरून एकच नट दिसतो आणि स्प्रिंगला धरणारा दुसरा त्याच्या खाली असतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पाना लावू नका.

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. जॅकवर उचलली की लगेच घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक काढल्यावर ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून सोडवा, ब्रेकचा कॅलिपर तारेने वर टांगा, पाइपवर लोंबू देऊ नका. खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या डोक्याभोवती खडूने किंवा पेंटने खूण करा. चाकांची अलाइनमेंट नंतर करावीच लागते, पण त्या खुणेमुळे गाडी तिथपर्यंत सरळ जाते.

स्ट्रट बाहेर आला की खरं काम. पुलरचे दोन्ही दांडे तेलकट फडक्याने पुसा, आट्यांना भरपूर ग्रीस लावा. हुकांच्या कडा झिजल्यात का, दांडा वाकलाय का, ते उजेडात बघा. मग दोन्ही दांडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावा, घड्याळातल्या बारा आणि सहासारखे. वरचा एक आणि खालचा एक वेढा सोडून, मधले जमतील तितके जास्त वेढे हुकांत घ्या. हुक तारेवर पूर्ण बसला पाहिजे, टोकावर टेकलेला चालणार नाही. हुकाला सेफ्टी पिन असेल तर ती आत्ताच घाला.

आता हाताच्या पान्याने एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन फेरे, असं आळीपाळीने आवळा. पुढचं मी माझ्या गॅरेजातल्या मुलांना प्रत्येक वेळी बोट दाखवून सांगतो. स्प्रिंगची तार सपाट नसते, ती चढणीसारखी फिरत वर जाते. त्यामुळे जोर वाढला की हुक त्या उतारावरून घसरायला बघतो. समोरासमोर लावलेले हुक हळूहळू एका बाजूला सरकतात, आणि ज्या बाजूला हुक नाही तिकडून स्प्रिंग फुगते. आमच्याकडे म्हणतात, स्प्रिंगने पोट काढलं. पोट दिसलं की आणखी अर्धा फेरासुद्धा आवळू नका. दोन्ही बाजू आळीपाळीनेच सोडा, हुक परत समोरासमोर आणा आणि नव्याने सुरुवात करा. माझं एका स्ट्रटला तीन-तीनदा असं झालेलं आहे. वेळ जातो, जाऊ द्या.

किती दाबायचं? स्प्रिंग ज्यांत बसते त्या वरच्या-खालच्या दोन्ही वाट्यांतून सुटी होईपर्यंत, त्यापुढे नाही. वेढ्याला वेढा भिडेपर्यंत आवळणारे मी पाहिलेत. ते उगाच जोर कोंडतात. खूण हाताने घ्यायची. स्प्रिंग धरून हलवली की वाटीत डुगडुगली पाहिजे, वरही आणि खालीही. बोटं वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत, बाहेरून तळव्याने हलवायची. ती डुगडुग हाताला लागली की मधला नट उघडायचा.

या सगळ्या वेळात स्ट्रटचं डोकं रिकाम्या भिंतीकडे ठेवा आणि तुम्ही बाजूला बसा. स्ट्रटच्या रेषेत तोंड नको, छाती नको, कडेवर मूल घेऊन बघायला आलेलं कुणी नको. डोळ्यांवर गॉगल हवा. नट फिरवताना शॉकअपचा दांडा सोबत फिरतो, त्याला वरच्या खाचेत ॲलन की घालून धरा. चकचकीत दांड्याला पक्कड लावली तर त्यावर ओरखडा उठतो आणि नवा शॉकअप महिन्याभरात गळायला लागतो. नट निघाल्यावर गॅसच्या शॉकअपचा दांडा आपोआप हळूहळू वर येईल, त्याला घाबरू नका.

बसवताना स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला नीट टेकवा. मधला नट नवा घ्या. वरचं माउंटिंग, बेअरिंग आणि आतलं रबर जुनं ठेवून नवा शॉकअप बसवू नका, कारण पुष्कळदा खडखडीचं मूळ तेच असतं. सोबत लिंक रॉडही हलवून बघा. आणि शॉकअप दोन्ही बाजूंचे बदला.

घरी करावं का? सगळे सुटे भाग आधी हातात असतील आणि अर्धा दिवस मोकळा असेल तर करा. रविवारी दुपारी स्ट्रट उघडायचा, मग कळायचं की माउंटिंग चुकीचं आलंय, आणि दाबलेली स्प्रिंग सोमवार संध्याकाळपर्यंत गॅलरीत पडून राहायची, हे मला अजिबात पटत नाही. असं अडलंच तर पुलर पूर्ण सोडून स्प्रिंग मोकळी करून ठेवा. मन थोडंही कचरत असेल तर मधल्या नटाला हात न लावता दोन्ही स्ट्रट काढून, पिशवीत घालून, भिंतीवरचा किंवा हायड्रॉलिक प्रेस असलेल्या गॅरेजात न्या. बाकीचं सगळं काम तुमच्या हातचंच राहतं.

प्रश्न : आमच्या ओळखीचा लेथवाला आहे. तो म्हणतो, बाजारातल्यापेक्षा जाड दांड्याचं पुलर बनवून देतो. घ्यावं का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका घेऊ. मी हे कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या, म्हणजे लेथ-कारखान्यांच्या वस्तीच्या, अंगणात राहून लिहितोय आणि आपल्या लेथवाल्यांच्या हाताला मी मानतो. इंजिनाचं बूड असो की पंपाचा शाफ्ट, मी डोळे झाकून त्यांच्याकडे देतो. पण या हत्यारात जाडी पाहायची नसते. हुक कोणत्या पोलादाचा, त्याला पाणी कसं दिलंय (तापवून कडक कसा केलाय), तो घडवलेला आहे की वेल्डिंग केलेला, आणि तो किती वजनाला तपासलाय, हे पाहायचं असतं. साध्या सळईवर कापलेले आटे चार कामं करतात आणि पाचव्याला मरतात.

मी ज्या गॅरेजात शिकलो तिथे असंच पुलर होतं. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी सळई, असायचा, त्यामुळे उस्तादाची उमेदीची सगळी वर्षं या स्प्रिंगशिवायच गेलेली. पुढे मारुती ८०० गावोगाव झाल्या आणि स्ट्रट रोजचा झाला. हा स्ट्रट फोर्ड कंपनीतल्या अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून आलेला. १९५० साली फोर्डने ब्रिटनमध्ये कॉन्सल आणि झेफिर या गाड्या आणल्या, त्यांना तो होता. आमच्यापर्यंत तो पोचला तेव्हा हत्यार सोबत आलं नाही. उस्तादाने दोन सळया घेतल्या, त्यांना पट्टीचे हुक वेल्ड करून घेतले.

दीड वर्ष ते चाललं. एके दिवशी माझ्यासोबतचा मुलगा आवळत होता आणि मी समोर स्ट्रट धरून होतो. टक्क असा बारीक आवाज आला, काडी मोडावी तसा. वेल्ड सुटला होता. स्प्रिंग माझ्या कानाजवळून जाऊन शटरवर आदळली. तो मुलगा मात्र वाकलेला होता. सुटलेला दांडा त्याच्या जबड्याला लागला, दोन दात गेले आणि हनुवटीला टाके पडले. तो आज माझ्याच वयाचा आहे, भेटला की बोलतो, हसतो. त्याच्या हनुवटीवरची ती रेघ मला अजून बघवत नाही. मी त्या दिवशी समोर उभा होतो आणि वेल्डकडे कुणीच, मीसुद्धा, कधी पाहिलं नव्हतं.

लेथवाल्याकडून पुलर धरायचं स्टँड बनवून घ्या, शिकंज्यासाठी शॉकअपच्या मापाचे गोल जबडे बनवून घ्या. पुलर मात्र किती वजनाचं ते छापलेलं, घडवलेल्या हुकांचं आणि सेफ्टी पिनेचं विकत घ्या. आणि स्प्रिंग गाडीच्या वजनाने दबलेली असताना तिला तारेने बांधून काढायचा जो जुगाड आहे, तो कुणी दाखवला तरी करू नका. तार तुटायची वेळ तुमच्या हातात नसते.

प्रश्न : स्विफ्टची मागची स्प्रिंग काढायलाही हेच पुलर लागतं का? — एक वाचक, सातारा

उत्तर : सहसा नाही. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. गाडी घोड्यांवर घ्या, मागच्या ॲक्सलखाली जॅक द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक सावकाश उतरवा. ॲक्सल खाली आला की स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकच्या रबरी पाइपवर ताण येतोय का तेवढं बघत राहा.

प्रश्न : पुढच्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलाय. गाडी समुद्राजवळ असते. अशा स्प्रिंगला पुलर लावता येईल का? — एक वाचक, देवगड

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा. तुटलेलं टोक सरकून टायरमध्ये घुसू शकतं. घाट चढून कोकणातून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे मी बरंच पाहतो. खडा लागून स्प्रिंगचा रंग उडतो, खालच्या वाटीत वाळू आणि ओल साचते, खारी हवा आपलं काम करते आणि तार नेमकी तिथेच गंजून बसते.

तुटलेला भाग अगदी खालच्या टोकाचा असेल आणि वरचे वेढे धड असतील, तर हुक वरच्या धड वेढ्यांवर लागू शकतात. पण त्याआधी वायर ब्रशने सगळी तार घासा आणि पूर्ण वेढ्यावरून उजेड फिरवा. मध्ये कुठेही केसाएवढी चीर किंवा खोल खड्डा दिसला तर हुकाचं पुलर लावायचंच नाही. दाबताना ती चीर उघडते. असा स्ट्रट अख्खा काढून प्रेसवाल्याकडे द्या आणि चीर कुठे आहे ते त्याला दाखवून सांगा. स्प्रिंगा दोन्ही बदला. नव्या बसल्या की चाकाच्या कमानीत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा पाइप मारा.

प्रश्न : मी आयटीआय करतो आणि संध्याकाळी एका गॅरेजात शिकतो. उस्ताद पुलर हवेच्या गनने आवळायला सांगतात, लवकर होतं म्हणून. मला भीती वाटते. नाही कसं म्हणू? — एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला वाटते ती भीती बरोबर आहे.

गनने आवळलं की एक बाजू दोन सेकंदांत दहा फेरे पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. गनचे हातोड्यासारखे धक्के हुकाला तारेवरून सरकवतात. आटे तापतात, एकमेकांत रुततात, आणि मग दांडा ना पुढे जातो ना मागे येतो. दाबलेली स्प्रिंग आणि अडकलेला नट, ही या कामातली सगळ्यात वाईट जागा. शिवाय गनच्या आवाजात पोट काढताना स्प्रिंग जे कुरकुरते ते ऐकूच येत नाही.

उस्तादांना उलटून बोलू नकोस. "मी हाताने आवळतो, दहा मिनिटं जास्त द्या, पाहिजे तर जेवणाच्या सुट्टीतली घ्या," असं म्हण. बहुतेक उस्ताद यावर काही बोलत नाहीत, त्यांना काम झाल्याशी मतलब. खालचे बोल्ट गनने काढ, त्यात तुझा वेळ वाचेल. आणि तरीही गनच लाव म्हणाले, तर त्या दिवशी त्या स्ट्रटजवळून उठ. पगार कापला तरी उठ. घरी सांग, मी सांगितलं म्हणून सांग.

उद्या गॅरेजात गेलास की पुलर हातात घे. दांड्यांना ग्रीस लाव, हुकांच्या कडा बोटाने चाचपून बघ, पिना आहेत का बघ. नसतील किंवा हुक झिजलेले असतील, तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाक. माझ्याकडे एक जोड जास्तीचा आहे, तो पाठवून देतो.